हात चालतोय ना?

डॉक्टर म्हणाले, मूठ आवळा. मी आवळली. उघडा म्हणाले, उघडली. अंगठा वर करा, बोटं फाकवा, मनगट मागं न्या. सगळं केलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "हात चालतोय ना?"

मी म्हणालो, "चालतोय. पण कळत नाही."

"काय कळत नाही?"

"हाताला कळत नाही."

त्यांनी एकदा वर बघितलं. माझ्यामागं वीस-पंचवीस माणसं उभी होती. त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

घरी आल्यावर ध्यानात आलं की एवढ्या तपासणीत त्यांनी माझ्या हाताला हात लावलाच नव्हता. जात म्हणून नव्हे. जात त्यांनी विचारली नाही, आणि विचारली असती तरी मी सांगितली असती. त्यांना घाई होती, एवढंच. पण शिवलं नाही हे खरं. आपल्या भाषेत शिवणे म्हणजे स्पर्श करणे आणि शिवणे म्हणजे टाका घालणे. माझं दोन्ही राहून गेलं. त्यातून जो प्रश्न डोक्यात शिरला तो निघायला तयार नाही, म्हणून हे लिहितोय. प्रश्न असा: दुखणं ज्याचं आहे त्याच्या शब्दाला किंमत किती? आणि ती किंमत ठरवायची कुणी?

०००

आधी हाताची हकिगत सांगतो, नाहीतर पुढचं हवेत जाईल.

सात महिन्यांपूर्वी रिंगफ्रेम खात्यात, पाळी सुटायला अर्धा तास असताना, यंत्राच्या पत्र्याची उघडी कड माझ्या डाव्या हाताला लागली. मनगटाच्या चार बोटं वर, अंगठ्याच्या बाजूला. पाच टाके पडले. बाराव्या दिवशी मी कामावर हजर. कातडी भरून आली, वण पांढरा पडला. पण अंगठ्याची मागची बाजू आणि तिच्या शेजारची हाताची पाठ माझी राहिली नाही. टाचणी टोचली तरी पत्ता नाही. आणि त्याच जागेच्या काठाला शर्टाची बाही नुसती घासली तर विस्तवावर हात पडल्यागत होतं. बधीरही आहे आणि आगही आहे. हे सांगितलं की लोक हसतात. म्हणतात, दोनातलं एक काहीतरी सांग.

आपण शिरेलाही नस म्हणतो, स्नायूच्या दोरीलाही नस म्हणतो. इथं नस म्हणजे मज्जातंतू. रेडियल नर्व्ह म्हणून दंडातून येणारी एक मोठी नस आहे. कोपराजवळ तिच्या दोन शाखा होतात. एक स्नायू हलवणारी, ती खोल जाते. दुसरी वरवरची. ती हाताच्या मोठ्या स्नायूच्या आडोशानं खाली येते आणि मनगटाच्या आठ-नऊ सेंटिमीटर वर कातडीखाली बाहेर पडते. तिथून पुढं तिला ना मांसाचा आधार ना कशाचा. घड्याळाचा घट्ट पट्टा, आवळलेलं प्लास्टर, पत्र्याची कड, काहीही तिला लागतं. ही वरवरची शाखा हाताचा एकही स्नायू हलवत नाही. ती फक्त कळवते. अंगठ्यामागचं, तर्जनी आणि मधल्या बोटामागचं, हाताच्या पाठीच्या अर्ध्या भागाचं. म्हणून ती तुटली तरी मूठ आवळते, मनगट वळतं, आणि डॉक्टरच्या कागदावर हात चांगला ठरतो.

गिरणीतही चांगलाच ठरतो. तुटलेला धागा आम्ही सांधतो तो बोटांच्या पेरांनी. तळहाताकडची पेरं, त्यांच्या नसा वेगळ्या. त्या शाबूत आहेत. आधी पाळीत जेवढे धागे सांधत होतो तेवढेच आजही सांधतो. मालकाच्या हिशेबात माझं काहीच गेलं नाही.

मग गेलं काय? गेला तो उलटा हात. उलट्या हातानं माणूस काय करतो याचा मी याआधी कधी विचार केला नव्हता. डोळे पुसतो. तव्याची धग बघतो. अंधारात भिंत चाचपतो. बायकोच्या गालावरून फिरवतो. यातल्या कशाचाही पगार मिळत नाही. एका रात्री आठ महिन्यांची पोरगी किरकिर करत होती. बायको पाण्याला गेली होती. पोरगी उजव्या हातावर होती, म्हणून डावा उलटा हात मी तिच्या कपाळाला लावला. काही लागलं नाही. म्हटलं, ठीक आहे, झोपेला आली असेल. बायको आली, तिनं पोरीला उचललं आणि म्हणाली, "अवं, पोरगी भाजतीय की! हात लावला न्हवं तुमी?"

हात लावला होता. हातानं मला खोटं सांगितलं होतं.

०००

कायद्याचं काय म्हणणं आहे ते बघितलं. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यानं एक तक्ता घालून दिला. अख्खा अंगठा गेला तर कमाईच्या ताकदीचे ३० टक्के गेले. अख्खी तर्जनी गेली तर १४ टक्के. मधलं बोट १२ टक्के. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही असा तक्ता आहे. बोटं बाहेर ठेवून हा तक्ता वाचताना अंगावर काटा येतो. तरीपण मी त्याची टिंगल करणार नाही. असा तक्ता नव्हता तेव्हा तुटलेल्या बोटाला काहीच मिळत नव्हतं. तक्त्यात न बसणारी इजा असेल तर डॉक्टरनं तपासून सांगायचं की कमाईची ताकद किती घटली. म्हणजे फिरून गाडी तिथंच येते. दुखतं किती, कळतं किती, हा सवाल नाही. कमाई किती घटली, हा सवाल आहे. आणि माझी नस अशी, की तिनं एक रुपयासुद्धा कधी कमावलेला नाही.

नसेची तपासणी करणारं यंत्र असतं. बारीक विजेचा झटका देऊन निरोप किती वेगानं जातो ते मोजतात. ते चांगलंच आहे, नस तुटली की नाही ते त्यात दिसतं. पण त्या यंत्राला कळतात ते नसेतले जाड आणि वेगवान धागे. दुखणं आणि धग वाहून नेणारे बारीक, संथ धागे त्यात उमटत नाहीत. म्हणजे आग कुठं होतेय हे विचारायचं तर शेवटी माणसालाच विचारावं लागतं.

माणसालाच विचारायचं, हे आजही पचत नाही. आणि ते कधीपासून पचत नाही हे शोधताना मला एक गोष्ट सापडली. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची, लंडनमधली. हात डावाच, आणि नसही हीच.

०००

हेन्री हेड नावाचा डॉक्टर होता. लंडनच्या पूर्व भागात, व्हाइटचॅपलला, लंडन हॉस्पिटल म्हणून मोठं इस्पितळ होतं. गोदीतले, कारखान्यातले, हातावर पोट असणारे लोक तिथं यायचे. नसा तुटलेली माणसं हेड तपासायचा. कापसानं शिवायचा, टाचणीनं टोचायचा, गरम-गार पाण्याच्या नळ्या लावायचा आणि काय वाटतं ते विचारायचा. काही दिवसांनी त्याच्या ध्यानात आलं की अशानं पुढं जाता येत नाही. रुग्ण बरा व्हायला येतो, विज्ञानाला मदत करायला येत नाही. तो तासन् तास बसू शकत नाही, वर्षानुवर्षं येऊ शकत नाही. आणि संवेदनेतले बारीक फरक शब्दांत सांगायला सराव लागतो, तो त्याच्याजवळ नसतो.

मग त्यानं काय केलं? २५ एप्रिल १९०३ रोजी त्यानं स्वतःच्या डाव्या हाताची नस कापून घेतली. डीन नावाच्या सर्जननं कापली, शेरन मदतीला होता. कोपराजवळ साडेसहा इंचाचा छेद घेतला. रेडियल नर्व्हची तीच वरवरची शाखा तोडली, छोटासा तुकडा काढून टाकला, टोकं रेशमाच्या दोऱ्यानं शिवली. शेजारची कातडीची आणखी एक नसही तोडून शिवली. हेड तेव्हा चाळिशी ओलांडलेला, नावारूपाला आलेला डॉक्टर होता. त्याच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं.

पुढं १९०७ च्या डिसेंबरपर्यंत तो सवड काढून केंब्रिजला जात राहिला. तिथं सेंट जॉन्स कॉलेजात त्याचा मित्र डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स राहायचा. हेड डोळे मिटून बसायचा. रिव्हर्स त्याच्या हातावर कधी कापूस, कधी टाचणी, कधी बर्फाची नळी लावायचा. हेड वाटेल ते सांगायचा, रिव्हर्स लिहून घ्यायचा. असे १६७ दिवस त्यांनी तपासणी केली. १९०८ साली 'ब्रेन' नावाच्या नियतकालिकात सगळं छापलं. हा हेड कविताही लिहायचा, १९१९ साली त्याचं कवितांचं पुस्तक निघालं. ते कळल्यावर मला तो आणखी जवळचा वाटला, ते कबूल करतो.

मी या माणसाला मानतो. दुसऱ्याच्या दुखण्यावर बसल्या जागी पुस्तकं लिहिणारे पुष्कळ आहेत. यानं स्वतःचा हात पुढं केला. आपल्याकडं दलितांच्या वेदनेवर भाषण ठोकणाऱ्यांपैकी किती जणांनी हाताची करंगळी तरी पुढं केली आहे?

मानतो, पण मान डोलावून थांबता येत नाही. त्याला हात का कापावा लागला? व्हाइटचॅपलमध्ये तुटलेल्या नसांचे हात काय कमी होते? हात होते, त्या हातांचा शब्द पुरेसा नव्हता. एका शिकलेल्या माणसाचा शब्द पाहिजे होता. हेडनं गरिबांना खोटारडं म्हटलं नाही, उगाच त्याच्या तोंडी ते घालणार नाही. त्याची अडचण खरी होती. पण अडचण कशी सोडवली ते बघा. रुग्णाला बोलायला शिकवावं, त्याच्या बुडालेल्या रोजाची सोय करावी, त्याला वेळ द्यावा, ही एक वाट होती. ती सोडून, बोलता येणाऱ्या माणसाला जखमी करण्याची वाट त्यानं धरली. ती वाट त्याला सोपी वाटली. स्वतःचा हात कापणं सोपं आणि गोदी कामगाराला साक्षीदार करणं अवघड, असा तो समाज होता. आपला निराळा आहे का?

०००

हेडच्या हाताच्या तपासणीला बसण्याआधी रिव्हर्स कुठं जाऊन आला होता तेही सांगितलं पाहिजे. १८९८ साली केंब्रिजची एक तुकडी ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेली होती. तिथल्या लोकांचे डोळे, कान, कातडी, सगळं यंत्रांनी मोजलं. त्यात रिव्हर्स होता. कातडीचं काम विल्यम मॅक्डुगल याच्याकडं होतं. त्यानं निष्कर्ष काढला की या लोकांचा स्पर्श इंग्रजांपेक्षा दुपटीनं तीक्ष्ण आहे, पण वेदना त्यांना इंग्रजांच्या निम्म्यानंच कळते.

हे वाचलं आणि मला हसू आलं. ते हसू चांगलं नव्हतं. हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतोय. "यांना काही होत नाही, यांना सवय असते." उन्हात अनवाणी जाणाऱ्याला सवय असते. गटारात उतरणाऱ्याला सवय असते. आमच्या आयाबायांना बाळंतपणाची सवय असते. मॅक्डुगलनं काय मोजलं होतं? यंत्रानं दाब वाढवत न्यायचा आणि माणूस दुखतंय म्हणेल तो आकडा लिहायचा. म्हणजे त्यानं दुखणं मोजलं नाही, दुखतंय म्हणण्याची वेळ मोजली. परका साहेब समोर यंत्र घेऊन बसला आहे. त्याच्यापुढं दुखतंय असं कोण कधी म्हणेल? मी सुपरवायझरपुढं कधी म्हणतो? हात कापला तेव्हासुद्धा पहिलं वाक्य माझ्या तोंडून निघालं ते "काय नाय साहेब, थोडं लागलंय."

आमचं गप्प बसणं हे आमच्या कातडीच्या जाडीत धरलं गेलं. हा अन्याय मला तक्त्यातल्या टक्क्यांपेक्षा मोठा वाटतो.

घरातही हेच. हात बधीर झाला म्हटल्यावर आयनं पहिली गोष्ट सांगितली, "कुनाला सांगू नगंस." तिला वाटलं महारोग. तिचं चूक नव्हतं. महारोगात कातडीचे चट्टे बधीर होतात, आणि मनगटाशी हीच नस चाचपून ती जाड झाली आहे का ते डॉक्टर बघतात. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेल्या औषधांच्या जोडणीनं हा रोग पुरता बरा होतो, पण भीती बरी झालेली नाही. वेल्लोरला पॉल ब्रँड नावाच्या डॉक्टरनं दाखवून दिलं होतं की महारोग्याची बोटं काही आपोआप सडून गळत नाहीत. बोटाला कळत नाही म्हणून ते भाजतं, कापतं, चिघळतं, आणि माणूस त्याच बोटानं काम करत राहतो. दुखणं नसल्यामुळं हात जातो. माझ्या अंगठ्यामागं आजवर दोनदा फोड आला. दोन्ही वेळा मी तो आधी डोळ्यांनी पाहिला.

०००

आता त्या खोलीत हेड आणि रिव्हर्सला काय सापडलं ते सांगतो, कारण माझी स्वतःची फजिती तिथंच झाली.

हेडच्या हाताची कातडी बधीर झाली, पण बोटानं दाबलं तर ते त्याला कळायचं. ते खोलवरचं. मग काही आठवड्यांनी कातडीत संवेदना परत यायला लागली, आणि ती विचित्र होती. टाचणी टोचली तर चांगल्या हातापेक्षा जास्त असह्य वाटायचं. दुखणं जागेवर न राहता पसरायचं. हाताला टोचलं तर अंगठ्यात कळ यायची. टोचलं कुठं ते नेमकं सांगता यायचं नाही. या अवस्थेला त्यांनी प्रोटोपॅथिक म्हटलं. नाजूक स्पर्श कळणं, नेमकी जागा कळणं, कोमट आणि थोडं कमी कोमट यातला फरक कळणं, हे फार उशिरा परत आलं. त्याला त्यांनी एपिक्रिटिक म्हटलं.

हे वाचलं त्या रात्री मी वहीत लिहून ठेवलं: सापडलं! आपल्या कवितेला नावं ठेवणाऱ्यांना हे उत्तर. ते म्हणतात, तुमची कविता म्हणजे नुसता आक्रोश, त्यात नेमकेपणा नाही, तोल नाही, शिव्या आहेत. अरे, हजारो वर्षं तोडलेली नस पहिल्यांदा जागी होतेय. पहिल्यांदा अशीच आग येणार. तुमचा नाजूक स्पर्श नंतर बघू.

दोन दिवस या वाक्यावर मी खूश होतो. मग पुढं वाचलं आणि वही मिटून ठेवली. हेड आणि रिव्हर्स एवढ्यावर थांबले नव्हते. त्यांच्या मते पहिली संवेदना म्हणजे जुनी, रानटी, खालची व्यवस्था, आणि दुसरी म्हणजे नवी, सुधारलेली, वरची. वरची असते म्हणून खालची आवरली जाते. खालचं आंधळं, वरचं शहाणं, आणि वरच्यानं खालच्यावर राज्य करायचं. ही उतरंड कुठंतरी ऐकल्यासारखी वाटते की नाही? आपल्या कवितेसाठी मी ढाल म्हणून जी गोष्ट उचलली, तिच्या आत तीच उतरंड बसली होती. टीकाकाराला उत्तर देण्याच्या घाईत मी आपल्या माणसांना खालच्या थरावर नेऊन बसवलं असतं.

आणखी पुढं असं, की ती मांडणी टिकलीसुद्धा नाही. विल्फ्रेड ट्रॉटर आणि मॉरिस्टन डेव्हिस या दोन लंडनच्याच सर्जननी स्वतःच्या कातडीच्या सात नसा तोडून घेतल्या, आणि १९०९ साली लिहिलं की अशा दोन वेगळ्या व्यवस्था आम्हाला दिसल्या नाहीत. आज हेडची दोन थरांची मांडणी जशीच्या तशी कोणी मानत नाही.

आता विचार करा. हेडनं भोगलं होतं. ते दुखणं त्याच्याच हातात होतं. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. ट्रॉटर-डेव्हिसनीही भोगलं, प्रामाणिकपणे सांगितलं. आणि दोघांचा निष्कर्ष जमला नाही. दोघांपैकी कोणी खोटं बोललं का? नाही. आग खरी होती. आगीचा अर्थ लावताना चूक झाली.

आपल्या बैठकांत एक वाक्य पुनःपुन्हा येतं: ज्यानं भोगलं त्यालाच कळतं, त्यानंच लिहावं. हे वाक्य मी स्वतः माईकवर म्हटलेलं आहे. त्यातलं अर्धं मी आजही सोडणार नाही. दुखतंय की नाही, कुठं दुखतंय, कसं दुखतंय, याचा पहिला शब्द ज्याचं दुखणं त्याचा. त्याच्या आधी कुणी बोलायचं नाही. मालकानं नाही, डॉक्टरनं नाही, टीकाकारानं नाही. पण पहिला शब्द म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. भोगलं म्हणून माझं वर्णन मान्य करा, हे मी हक्कानं म्हणेन. भोगलं म्हणून माझा सिद्धांतही मान्य करा, हे म्हणण्याचा हक्क मला भोगण्यानं मिळत नाही. तिथं मला तुमच्यासारखंच पुरावा घेऊन उभं राहावं लागेल. हे आपल्याला जड जाईल. मलाही जातं. पण असं केलं नाही तर उद्या आपल्यातलाच कुणीतरी पुढारी आपल्या जखमा दाखवून वाटेल ते गळी उतरवील, आणि आपण म्हणत राहू, त्यानं भोगलंय.

०००

कुणी म्हणेल, मग हेड आणि तू सारखेच झालात. नाही. फरक आहे, आणि तो दुखण्यात नाही. दुखणं त्याचं माझ्यापेक्षा जास्तही असेल, नस त्याची जास्त वर तुटली होती. फरक असा, की त्यानं दिवस निवडला, सर्जन निवडला, हात निवडला. त्याची नस रेशमानं शिवली. माझी शिवली की नुसती कातडी शिवली, हे माझ्या कागदावर कुठंच लिहिलेलं नाही. त्याला दुखणं कळलं. लाचारी त्याला कळली नाही. त्यासाठी कोणता प्रयोग करायचा ते अजून कुणाला सुचलेलं नाही.

हीच नस आणखी एका ठिकाणी चिरडली जाते. बेडीत. घट्ट बेडी मनगटाच्या हाडावर आवळली की सगळ्यांत आधी ही वरवरची शाखा दबते, आणि बेडी निघाल्यावर आठवडे, कधी महिने, अंगठ्याची पाठ बधीर राहते. डॉक्टरांच्या पुस्तकांत याची नोंद आहे. १९८० साली प्रेमशंकर शुक्ला खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी सरसकट बेड्या घालणं अमानुष ठरवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नं काही प्रकारच्या आरोपींना बेडी घालण्याची मुभा पोलिसांना दिली आहे. गंभीर गुन्ह्यांबरोबर त्या यादीत 'सराईत' माणूसही आहे. ज्यांच्या आज्यापणज्यांना १८७१ च्या कायद्यानं जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, आणि १९५२ साली तो कायदा रद्द झाल्यावरही ज्यांच्यामागचा तो शिक्का सुटला नाही, त्यांना सराईत हा शब्द किती सहज चिकटतो ते सांगायला नको. त्यांच्या मनगटाला काय वाटतं ते डोळे मिटून सांगायला कोण बसवणार? आणि लिहून कोण घेणार?

मला हेडच्या गोष्टीतून शेवटी हे सापडलं. हेड एकटा काही करू शकला नाही. स्वतःच्या हाताला स्वतःच टोचून त्याला समजलं नसतं, कारण आपण कुठं टोचतोय ते त्याला आधीच माहीत असतं. त्याला रिव्हर्स लागला. समोर बसणारा, हाताला हात लावणारा, घाई न करणारा, आपलं उत्तर त्याच्या तोंडात न घालणारा, आणि तो म्हणेल ते जसंच्या तसं लिहून घेणारा. चार वर्षं. दुखणं माझंच, पण ते कळायला दुसरा माणूस लागतो. त्या दुसऱ्या माणसानं शिवलं पाहिजे. महाडला १९२७ साली आपल्या माणसांनी तळ्याच्या पाण्याला हात लावला तेव्हा पाण्यापुरता हा प्रश्न नव्हता. शिवून घेण्याचा आणि शिवण्याचा हक्क, यावाचून एक माणूस दुसऱ्याला कळण्याची सुरुवातच होत नाही.

डॉक्टरकडं मी एवढंच मागत होतो. टक्के नंतर. आधी एकदा हात हातात घ्या, डोळे मिट म्हणा, कापूस फिरवा, आणि मी काय सांगतो ते लिहा. दहा मिनिटांचं काम. पैसे नाही मिळाले तरी कागदावर येईल की या माणसाच्या हाताची पाठ गेली आहे. ती कमाईची नव्हती, पण त्याची होती.

सध्या हे काम बायको करते. १९१५ साली, महायुद्ध चालू असताना, जर्मनीत हॉफमन आणि फ्रान्समध्ये टिनेल अशा दोन डॉक्टरांनी, एकमेकांच्या शत्रुदेशांत बसून, एकच गोष्ट नोंदवली. तुटलेल्या नसेवर बोटानं टिचकी मारली आणि पुढं मुंग्या धावल्या तर तिथवर नस वाढत आली आहे. दिवसाला साधारण एक मिलिमीटर, असा तिचा वेग धरतात. रात्री पोरगी झोपली की मी डोळे मिटतो. बायको वणापासून खाली टिचक्या मारत येते आणि मुंग्या आल्या म्हटलं की तिथं पेनानं ठिपका देते, वहीत तारीख घालते. तिला मी आधी सांगितलं होतं, मला काही सुचवू नकोस. ती म्हणाली, "मी कशाला सुचवू, हात तुमचाय."

चार महिने ठिपका खाली सरकत होता. गेले सहा आठवडे तो एकाच जागी आहे, मनगटाच्या दोन बोटं वर. पुढं सरकेल की तिथंच राहील ते सांगता येत नाही. वही चालू ठेवली आहे. पोरीचं कपाळ आता उजव्या हातानं बघतो.